पायाच्या बोटांमधली खाज मलमाने जाते आणि पुन्हा येते, असं का?

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात खाज सुटते, कातडी पांढरी पडून सोलते, मलम लावलं की चार दिवसांत बरं वाटतं आणि महिनाभरात पुन्हा तेच, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण या चक्रात दोन वर्षं काढलीत, म्हणून लिहितोय.

हे बहुतेक अ‍ॅथलीट्स फूट आहे, ज्याला आपल्याकडे सरसकट चिखल्या म्हणतात. नावातल्या खेळाडूवर जाऊ नका, मी तर बससाठीसुद्धा धावत नाही. गजकर्ण ज्या जातीच्या बुरशीने होतं तीच ही बुरशी. ती त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते आणि बंद बुटातला ओलावा तिला मानवतो.

आधी खात्री करून घ्या. उजेडात बसून ती दोन बोटं फाकवा. खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी फुगलेली, पांढरी, मऊ कातडी दिसेल. तिच्याखाली लालसर, ओलसर जागा असेल आणि तळाशी कधी बारीक चीर. मग तळवाही बघा. तिथे ही बुरशी वेगळंच रूप घेते: खाज फारशी नाही, फक्त टाचेपासून कडेपर्यंत कोरडेपणा आणि रेषांमध्ये पीठ भुरभुरल्यासारखा कोंडा. लोक वर्षानुवर्षं त्याला कोरडी त्वचा समजून क्रीम चोळत राहतात. काहींना तळव्याच्या खोलगट भागात पाणी भरलेले बारीक फोड येतात. आणि दोन्ही पायांबरोबर एकाच हाताचा तळवा असा कोरडा झाला असेल, तर तीही याचीच खूण असू शकते.

आता तुमच्या मलमाच्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. माझी खरी चूक इथेच होती. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, आपण खूश होतो आणि बुरशी निवांत पसरते. पुढे तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. मला तसलं मिश्र मलम कुणीतरी ‘एकदम जालीम’ म्हणून दिलं होतं आणि मी ते वर्षभर लावलं!

नुसतं बुरशीविरोधी मलम हवं. टर्बिनाफिन 1 टक्का बोटांमधल्या त्रासाला बऱ्याचदा एक ते दोन आठवड्यांत पुरतं. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे लावावं लागतं. खाज थांबली म्हणून मलम थांबवायचं नाही, ठरलेले दिवस पूर्ण करायचे. पाय धुऊन, बेचके पूर्ण कोरडे करून, दिसणाऱ्या जागेच्या बाहेरही बोटभर लावा. तळवा जाड आणि कोरडा झाला असेल तर नुसत्या मलमाने बहुतेक भागत नाही, गोळ्या लागू शकतात आणि त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

कोरडं ठेवण्याबद्दल सगळेच सांगतात, पण बेचके पुसतं कोण? मी आंघोळीनंतर प्रत्येक बोट वेगळं करून पुसतो, पायांचा टॉवेल वेगळा ठेवतो. मोजे रोज बदलतो, एकच बूट लागोपाठ दोन दिवस घालत नाही, कारण आतला ओलावा एका रात्रीत जात नाही. पोहण्याच्या तलावावर किंवा व्यायामशाळेच्या न्हाणीघरात अनवाणी फिरत नाही. आणि एक गमतीची वाटेल अशी गोष्ट: आधी मोजे घालायचे, मग अंडरवेअर. नाहीतर पायाची बुरशी कपड्याबरोबर जांघेत पोचते.

मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग नकोत, सरळ डॉक्टरकडे जा. पाय सुजला, लाली वर चढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तरी त्याच दिवशी जा, कारण त्या चिरेतून जिवाणू आत शिरतात. मलम नीट लावूनही फरक पडला नाही, तर त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. जिवाणूंचा संसर्ग, बुटाच्या चामड्याची किंवा गोंदाची अ‍ॅलर्जी, इसब असं काहीही असू शकतं.

शेवटी अंगठ्याचं नख बघा. ते जाड, पिवळट, भुगा होणारं असेल तर बुरशी तिथे दबा धरून बसलेली असते आणि बेचके कितीही साफ केले तरी पुन्हा उतरते. माझं तिथूनच येत होतं. यकृताची तपासणी करून तीन महिने गोळ्या घेतल्या, आणि नवं नख पूर्ण यायला वर्षाहून जास्त लागलं.