मांजराला पंधरा दिवसांपूर्वी जंताचं औषध दिलं, तरी शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसतात. औषध लागू पडलं नाही का?

औषध बहुधा लागू पडलं असेल, पण दुसऱ्याच जंतावर: तुम्ही सांगताय ते दाणे टेपवर्मचे म्हणजे पट्टकृमीचे तुकडे आहेत. बाटलीवर नुसतं ‘पायरँटेल’ लिहिलं असेल तर ते गोल जंत आणि हुकवर्मवर चालतं, पट्टकृमीवर नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून आधी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. ताजे तुकडे वळवळतात, वाळले की अंथरुणावर तिळासारखे सापडतात. दोन-चार डबीत घालून डॉक्टरांकडे न्या, कारण शीच्या तपासणीत याची अंडी पुष्कळदा दिसतच नाहीत.

आता खरी गोम पिसवांची. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि तिच्या पोटातली अळी आतड्यात जाऊन वाढते. पिसवा तशाच राहिल्या तर तीनेक आठवड्यांत दाणे परत हजर. मानेवर टाकायचं पिसवांचं औषध किमान तीन महिने, घरातल्या प्रत्येक मांजराला. अंथरूण गरम पाण्यात धुवा. कुत्र्याचं औषध मात्र चुकूनही वापरू नका, त्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो.

हे सगळं मोठ्या मांजरासाठी. सहा आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर घरी काही न देता डॉक्टरांकडेच न्या.