पास मनगटावरून मोजता येतो का?

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे, शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळते. मनगटावर सेन्सर बांधून पास मोजतात म्हणे. घ्यावा का?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, घ्यायचेच तर दोन घ्या, दोन्ही मनगटांसाठी. चेस्ट पास, म्हणजे छातीपासून ढकलून दिलेला पास, दोन्ही हातांचा असतो. एका हातावरचा सेन्सर अर्धीच गोष्ट सांगतो.

त्यात दोन भाग असतात. अ‍ॅक्सलरोमीटर हाताचा झटका टिपतो, जायरोस्कोप मनगट किती वेगानं वळलं ते. सेकंदाला किमान 100 नोंदी हव्यात, कारण मनगटाचा झटका क्षणात संपतो.

उन्हाळी शिबिरात माझ्याकडे एक मुलगी होती, तिचा पास सतत डावीकडे जायचा. मी महिनाभर पाय सुधारत बसलो. शेवटी सेन्सरच्या नोंदींचा आलेख पाहिला, तर उजव्या मनगटाचं शिखर आधी आणि उंच, डावं मागून येत होतं. दोष हातात होता! अंगठे खाली वळवून दोन्ही तळवे बाहेर, एवढंच भिंतीवर पास मारायला लावून घोटून घेतलं. आठ दिवसांत पास सरळ झाला. माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं, हे मला आजही लागतं.

मात्र पास योग्य वेळी, धावत्या जोडीदाराच्या पुढ्यात पडला का, हे मनगटाला कळत नाही. त्यासाठी बाजूनं मोबाइलवर चित्रण करा. आणि चेंडू 6 नंबरचाच वापरा. 7 नंबरचा मोठा आणि जड असतो, त्यावरच्या नोंदी तिच्या सामन्यातल्या पासशी जुळणार नाहीत.