वजन की दारू, हा वादच सोडा

ताई, तुमच्या भावाचं वजन 92 किलो, उंची 170 सेंमी, सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर, आणि आठवड्यातले चार दिवस तीन-तीन लार्ज. वर तो म्हणतोय "हे वजनामुळे झालंय, दारू तर मी लिमिटमधेच घेतो". आपल्या इंदूरात हे पालुपद घरोघरी ऐकायला मिळतं.

आधी लिमिटचा हिशोब करू. 60 मिलीच्या लार्ज पेगमधे साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल, व्हिस्की असो रम असो की व्होडका (व्होडका "हलकी" असते हा निव्वळ गैरसमज). म्हणजे आठवड्याचे झाले 240 ग्रॅम. 2023 मधे फॅटी लिव्हरची नावं बदलली तेव्हा वजन, शुगर, बीपी यातलं काहीतरी असणारे आणि आठवड्याला 210 ते 420 ग्रॅम पिणारे पुरुष यांचा वेगळाच गट केला, मेटएएलडी, म्हणजे वजन-शुगरसारखी कारणं आणि दारू दोन्ही मिळून झालेलं फॅटी लिव्हर. तुमचा भाऊ बरोबर त्यात बसतो.

आता आत काय होतं ते बघा. पोट सुटलं की इन्सुलिनचा असर कमी होतो, मग चरबीतून फॅटी ॲसिड सुटून लिव्हरकडे येत राहतात आणि लिव्हर स्वतःही जास्तीच्या साखरेची चरबी करत बसतं. एरवी त्यातली थोडीफार जळते तरी, पण दारू गेली की लिव्हर आधी तिच्याच मागे लागतं कारण ती शरीरात साठवता येत नाही, आणि तेवढा वेळ चरबी जळणं मंदावतं, उलट नवी बनणं वाढतं. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. त्यात सीवायपी2ई1 नावाचं एन्झाइम लठ्ठपणानेही वाढतं आणि दारूनेही, त्यातून जे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे कण) निघतात ते साठलेल्या चरबीला भिडले की सूज येते. खरी भीती या सुजेची, फायब्रोसिसची, म्हणजे लिव्हरमधे व्रण पडून ते कडक होण्याची सुरुवात तिथूनच.

इटलीत डायोनिसॉस नावाची स्टडी झाली, 2000 साली छापून आली. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं ते असं: सडपातळ आणि न पिणारे 16 टक्के, भरपूर पिणारे 46, लठ्ठ 76, आणि दोन्ही असणारे 95. म्हणजे भाऊ अर्धा बरोबर आहे हो, चरबी साठण्यात वजनाचा वाटा मोठाच. पण त्या स्टडीत "भरपूर" म्हणजे रोज 60 ग्रॅमच्या वर, आणि हे महाशय बसतात त्या दिवशी तीन लार्जमधे तिथवर पोचतातच की, शिवाय 420 कॅलरी नुसत्या दारूच्या, सेव आणि गराडू वेगळे.

दारू पूर्ण बंद, कमी नाही. वजन 6 ते 9 किलो उतरलं तर सूजही उतरायची चांगली शक्यता असते. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना फायब्रोस्कॅनचं विचारा, लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळतं. बंद केल्यावर हात थरथरले, घाम फुटला तर घरी अंगावर काढू नका, लगेच दाखवा. आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरलं की तो पॅरासिटामॉल घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नेहमी पिणाऱ्याच्या लिव्हरला ती गोळी जास्त जड जाते.