वर्डप्रेसवर फोटो गॅलरीसाठी प्लगइन (जादा सोयी देणारी वेगळी जोडणी) घ्यावं का?

पोस्टमागे वीस-तीस फोटो असतील तर नको. वर्डप्रेसचा स्वतःचा गॅलरी ब्लॉक पुरतो, आणि क्लिक केल्यावर फोटो मोठा दिसण्याची सोयही ६.४ आवृत्तीपासून त्यातच आहे. अल्बमच्या अल्बम सांभाळायचे असतील तरच नेक्स्टजेनसारखं प्लगइन बघा. पण ते फोटो मीडिया लायब्ररीत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. उद्या ते बंद केलंत की गॅलरी गायब, आणि शॉर्टकोड (गॅलरी दाखवण्यासाठी पोस्टमध्ये चौकटी कंसात लिहिलेला छोटा कोड) वापरला असेल तर तेवढा मजकूर पानावर उरतो. मग जुन्या पोस्टी एकेक करून हाताने दुरुस्त करत बसा.

गॅलरी रेंगाळते ती बहुतेकदा फोटोंच्या वजनाने. मोबाइलमधला पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. आधी लांब बाजू २००० पिक्सेल आणि जेपेगचा दर्जा १०० पैकी ८० करा.