चौथीतल्या मुलीला परिसर अभ्यासाची उत्तरं पाठच होत नाहीत. प्राथमिकच्या मुलांना हा विषय कसा शिकवावा?

पाठ होत नाहीत हे वाचून मला बरंच वाटलं. तुम्ही म्हणता गणित-इंग्रजीला क्लास आहे, तिथे ती ठीक आहे, पण परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं रात्री घोकून घेतली तरी सकाळी कोरी पाटी. एकदा ती वही उघडून बघा. बाईंनी फळ्यावर लिहिलं, वर्गाने उतरवून घेतलं. सगळ्या वह्यांत काना-मात्रेसकट तेच. त्यात तुमच्या मुलीचं एकही वाक्य नाही, मग ती विसरली तर नवल काय?

मी जुन्या नाशकात, नदीपासून चालत जाता येईल अशा शाळेत प्राथमिकला शिकवते. वेळापत्रकात हा विषय कायम मधल्या सुट्टीनंतर, नाहीतर शेवटच्या तासाला. गॅदरिंगची प्रॅक्टिस आली की पहिला बळी याचा. गणिताचा भाग मागे पडला की तोही याच तासात उरकायचा. आणि घरी परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक शोधायचं. तेव्हा 'मुलांना हा विषय आवडत नाही' हे मला कोणी सांगू नये. मोठ्यांनाच तो आवडत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात. शाळा पुन्हा भरली तेव्हा चौथीच्या वर्गात दुसरं बोलणंच नव्हतं. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथे पूर क्यूसेकमध्ये कोणी मोजत नाही. रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, अशी आमची मोजणी. नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेलं की महापूर. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही हे माप येतं.

तर वर्गातल्या दोघांची दुकानं एकाच गल्लीत. मुलगा म्हणाला, आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाणी होतं. मुलगी म्हणाली, काहीही फेकू नको, आमची तर नुसती पायरी भिजली. जुंपली दोघांची. निम्मा वर्ग इकडे, निम्मा तिकडे. शेवटी, 'बाई, तुम्हीच सांगा.' मी काय सांगणार, मी तिथे होते का? शनिवारी सकाळची शाळा असते, पालकांच्या सह्या घेतल्या आणि वर्ग सरळ त्या गल्लीत नेला.

चिखल धुऊन झाला होता, पण भिंतींवर मळकट रेघ राहिली होती. मुलाच्या दुकानाशी ती पोरांच्या कपाळाच्या वर. आम्ही रेघेवर बोट ठेवून चालायला लागलो. हात हळूहळू खाली येत गेला आणि मुलीच्या दुकानाशी सगळी पोरं ओणवी झाली, रेघ घोट्याशी. सगळ्यांचं म्हणणं, पाणी इथे कमी झालं. मागे रेंगाळणारा एक पोरगा, जो वर्गात कधी हात वर करत नाही, तो म्हणाला, 'बाई, रेघ सरळच आहे. रस्ता चढलाय.' दुसऱ्याला पटेना. त्याने बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं. ते फरशीच्या फटीफटीतून नदीच्या दिशेने निघालं. मग काय, सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. भांडीवाले काका हसत होते आणि मला पोरांच्या प्यायच्या पाण्याची चिंता.

उतार, पाणलोट, पुराव्यावरून निष्कर्ष, एकाच घटनेच्या दोन खऱ्या हकिगती. एवढं सगळं एका सकाळी झालं आणि मी एकही व्याख्या सांगितली नव्हती. सोमवारी पोरं घरून आणखी घेऊन आली. कोणाच्या आजोबांनी १९६९ चा पूर सांगितला, कोणाच्या आईने २००८ चा. एकीची आजी म्हणे, धरण झाल्यावर आता पूर कसला, आणि दुसरा म्हणाला, धरणातून सोडलं म्हणूनच तर आला. मग वर्गाच्या फरशीवर खडूने नदी काढली. वर ब्रह्मगिरी, मग गंगापूर धरण, मग आपण, पुढे पैठणला जायकवाडी, आणि १४६५ किलोमीटर जाऊन बंगालचा उपसागर. उपसागर दाराबाहेर व्हरांड्यात काढावा लागला.

पुढे घटक चाचणी. प्रश्न होता, 'नदीला पूर का येतो?' आमच्याकडे तुकड्यांचे पेपर अदलाबदल करून तपासायची पद्धत. त्या मुलीने लिहिलं होतं, त्र्यंबककडे खूप पाऊस झाला, धरण भरलं म्हणून पाणी सोडलं, खालीही पाऊस चालू होता, आणि आमची गल्ली नदीकडे उतरती आहे म्हणून खालच्या दुकानांत जास्त शिरलं. दोनपैकी अर्धा गुण. शेजारच्या तुकडीच्या बाईंचं म्हणणं, अपेक्षित उत्तर 'अतिवृष्टी झाल्यामुळे नदीला पूर येतो' एवढंच आहे, आणि वहीत दिलेलं आहे.

मी पेपर घेऊन तेव्हाच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी पेपर वाचलासुद्धा नाही. 'तुम्ही वर्ग बाजारात फिरवता आणि त्यांच्या तुकडीचा भाग पूर्ण झालाय.' मी म्हटलं, आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत उपक्रम आणि प्रकल्प शासनानेच घातलेत, मी काही घरून आणलेले नाहीत. त्यावर त्यांचं उत्तर मी आजवर विसरले नाही. 'पालक दोन वह्या शेजारी ठेवून बघतात. एकीत चार ओळी, दुसरीत दोन, की मला फोन येतो.'

तो फोन तुम्ही कधी केला असेल तर आता करू नका. त्या फोनला घाबरून शाळा फळ्यावर उत्तरं लिहिते आणि मग तुम्हीच इथे येऊन विचारता की पाठ का होत नाही. मुख्याध्यापिका काही वाईट नव्हत्या. पण मुलाच्या स्वतःच्या वाक्यापेक्षा वह्यांचा सारखेपणा त्यांना मोलाचा वाटला, आणि ते चूकच होतं. ती मुलगी आता कॉलेजात असेल. त्या अर्ध्या गुणाचं तिला काही वाटतही नसेल, मला अजून वाटतं.

बरं, तुमच्या मुलीचं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकाचे दोन भाग. भाग १ साठी पुस्तक मिटून सुरुवात करा. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा तिला काढू दे, तुम्ही पेन्सिलला हात लावायचा नाही. दिशा चुकतील, चुकू द्या, दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन चालत जा. पावसाचा धडा असेल तर आपल्या नाशिक जिल्ह्यातले इगतपुरी आणि येवला हे दोनच तालुके घ्या. एकीकडे घरात कपडे वाळत नाहीत, दुसरीकडे उन्हाळ्यात टँकर. एकाच जिल्ह्यात असं का, म्हणून विचारा आणि गप्प बसा. सह्याद्रीने ढग अडवले इथपर्यंत ती आली की मग पुस्तक उघडा.

भाग २ म्हणजे शिवछत्रपती. सनावळ्या पाठ करून घेऊ नका, गोष्ट सांगा आणि जागा दाखवा. वणीला देवीला तुम्ही जात असालच. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना महाराजांची आणि मोगलांच्या दाऊदखानाची लढाई ऑक्टोबर १६७० मध्ये याच वणी-दिंडोरीच्या पट्ट्यात झाली. गाडीतून जाताना हे सांगितलं तर ती खिडकीबाहेर बघेल. साल्हेरही आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि १६७२ मध्ये मराठ्यांनी तिथे मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. नाशिकच्या मुलांना रायगड-प्रतापगड तोंडपाठ आणि साल्हेर कुठे म्हटलं की माना खाली. याचं मला कौतुक नाही.

नागरिकशास्त्राचं तर विचारूच नका. समानतेवर चार ओळी पाठ करतात आणि काळाराम मंदिरावरून रोज जातात. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याच मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, हे किती घरांत सांगतात? 'मुलं लहान आहेत' हे कारण मला देऊ नका. दारातून कोणाला आत सोडायचं हे कोणी ठरवायचं, एवढं विचारा. रांगेत ढकललं गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला अन्याय बरोबर कळतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. पूर चालू असताना मुलांना घाटाकडे नेऊ नका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण सेल्फीवाले पालक मी पाहिलेत. दुसरं, सगळ्याच बाईंना वर्ग बाहेर काढणं जमत नाही. पट मोठा, त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, त्यामुळे तुमच्या शाळेतल्या बाईंवर लगेच डाफरू नका. आणि थोडं पाठांतर लागतंच. जिल्ह्यातले १५ तालुके, दिशा, महाराजांच्या आयुष्यातले ठळक प्रसंग, हे यायलाच हवं. ते शेवटी करा, नकाशा भरताना आपोआप होतं.

गाईड आणलं असेल तर फेकू नका, त्यातले कोरे नकाशे सरावाला बरे पडतात. चाचणीत तिने स्वतःच्या शब्दांत बरोबर लिहिलेलं उत्तर कापलं गेलं, तर पेपर घेऊन शाळेत जा. आवाज चढवायचा नाही, बाईंना ते उत्तर फक्त मोठ्याने वाचायला सांगा. आमच्या शाळेत पालक गुण कमी पडले म्हणून येतात, उत्तर चांगलं होतं म्हणून भांडायला अजून कोणी आलेलं नाही.