रवंथ : घोड्याला हा शब्द लावू नका

'घोडा निवांत रवंथ करत उभा होता' हे वाक्य बरोबर का, आणि लिहायचं 'रवंथ' की 'रवंत', असा प्रश्न आहे.

वाक्य साफ चूक. गवत खाणारं प्रत्येक जनावर रवंथ करतं, हा समज काही केल्या जात नाही. रवंथ म्हणजे गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चावणं. बसलेल्या गायीच्या मानेची डावी बाजू पाहा. घास वर सरकताना दिसतो, ती तो ५०-६० वेळा चावते, गिळते, आणि काही सेकंदांत पुढचा घास वर येतो. घोड्याच्या अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू इतका घट्ट, की त्याला ओकताही येत नाही. रवंथ कुठून करणार? त्याचा चारा आंबतो तो थेट मोठ्या आतड्यात. (आणि गायीला 'चार पोटं' नसतात. पोट एकच, कप्पे चार.)

'रव' म्हणजे आवाज, चघळण्याचा आवाज तो रवंथ, असं ठासून सांगणारे आहेत. ही नुसती कानावरची व्युत्पत्ती. मूळ शब्द संस्कृत 'रोमन्थ'. मधला 'म' मराठीत 'व' होतो: ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा, श्यामल-सावळा. 'थ' मुळातलाच, म्हणून 'रवंत' नको.

खरी मौज संस्कृत व्याकरणकार पाणिनीकडे आहे. सूत्र ३.१.१५ मधून 'रोमन्थायते' (रवंथ करतो) हे क्रियापद सिद्ध होतं, आणि वार्तिककार, म्हणजे सूत्राला पुरवणी जोडणारे, लगेच अट घालतात: 'हनुचलने', म्हणजे जबडा हलत असेल तरच. का? तर 'कीटो रोमन्थं वर्तयति'. किडा गुदद्वारातून पडलेला मळ गोळी करून लोटतो, त्या मळालाही रोमन्थच म्हणत. पण त्यात जबड्याचं काम नाही, म्हणून किड्याला 'रोमन्थायते' लागत नाही. किती नेमकी नजर!

हीच कसोटी सशाला लावा. तो स्वतःच्या मऊ लेंड्या गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो आणि तोच चारा दुसऱ्यांदा पचवतो. काही जण यालाही रवंथ म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. त्या लेंड्या तो बहुधा न चावता अख्ख्या गिळतो. हनुचलन नाही, तर रवंथही नाही. उंटाच्या जठराला कप्पे तीनच, म्हणून त्याला वगळणारेही चुकतात. तो गिळलेलं वर आणतो आणि चावतो. त्याला हा शब्द खुशाल लावा.