आधी काकूंना विचार

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी 76 वर्षांच्या काकू राहतात. त्यांनी घर मुलाला बक्षीसपत्राने दिलं. आता मागच्या टिनाच्या खोलीत असतात, औषधं वेळेवर मिळत नाहीत, थोडं विसरतातही. ‘पोराविरुद्ध काही करू नको’ म्हणतात. मीच अर्ज करू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नागपूरच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला टिनाखाली ठेवणं हा छळच आहे. तुझा संताप मला पटतो. तरी अर्ज लिहिण्याआधी ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या निर्वाह व कल्याण कायद्याचं कलम 5 वाच. अर्ज ज्येष्ठाने स्वतः करायचा असतो. त्या असमर्थ असतील, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. या कायद्याखालचं न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, पण काकूंना डावलून तिथवर जाणं मला मान्य नाही.

विसरतात म्हणून त्या असमर्थ ठरत नाहीत. गोळीचं नाव न आठवणारी बाई आपल्याला कुठे आणि कोणासोबत राहायचंय हे नेमकं सांगू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचारांपुरतं हेच म्हणतो : इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून माणसाची निर्णयक्षमता गेली असं धरता येत नाही.

मुलगा-सून घरी नसताना काकूंजवळ बस. ‘काही करू नको’ यामागे बहुतेक वेळा पोरगा तुरुंगात जाईल ही भीती असते. त्यांना सांग, हे प्रकरण उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालतं, आधी समेट अधिकाऱ्याकडेही पाठवता येतं. काकूंची इच्छा असेल तर निर्वाह अधिकारी त्यांची बाजू मांडतो. निर्वाह भत्ता महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. ही मर्यादा 2007ची आहे, आज ती फार तोकडी पडते आणि ती बदलायलाच हवी.

घराचं वेगळं. दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची नक्कल काढा. मुलाने सांभाळ करावा अशी अट त्यात आहे का, ते पाहा. अट असेल आणि तो सांभाळत नसेल, तर कलम 23 खाली काकूंना ते रद्द करून मागता येतं. ही अट महत्त्वाची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये सांगितलं. जानेवारी 2025च्या निकालात मात्र याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितला आणि एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी कर.

मारहाण किंवा उपासमार दिसली, तर संमतीची वाट पाहू नकोस. थेट 112 लाव. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे. आणि हे एकटीने करू नकोस, फील्डवर्कच्या पर्यवेक्षकांना आजच सांग.

काकू तरीही नाहीच म्हणाल्या, तर औषधांपुरतं मुलाशी बोलू का, एवढं विचार. त्याला त्या बहुधा हो म्हणतील. जे दिसतं ते तारखेसह वहीत लिहीत जा आणि काही दिवसांनी पुन्हा विचार.